एक्केचाळीस दिवसांचा खुलासा

९ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुला पत्र लिहून तीन वर्षं होतील. मधल्या काळात तू दोनदा वाढदिवसाचं कार्ड पाठवलंस, आणि मी दोन्ही वेळा उत्तर लिहायला बसून पेनाला टोपण लावून उठलो. आता कामासाठी लिहितोय म्हणून लाज वाटते. पण माझ्या ओळखीत करसल्लागार तू एकटीच, आणि फोनवर मला निम्मंच ऐकू येतं.

गोष्ट अशी. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या बिऱ्हाडाखालची तळमजल्यावरची खोली भाड्याने घेतली आणि तिथे भूकंपाचं यंत्र बसवलं, हे तुला ठाऊक आहे. वहीएवढा डबा, फरशीला चार स्क्रूंनी आवळलेला. जमीन हलली की त्याची रेघ हलते. जगभरात काही हजार लोक असे डबे लावून बसलेत. सगळ्यांच्या रेघा एका जाळ्यात जातात आणि अभ्यासक त्या वापरतात. एकदा दुपारी मी कपात चहा ओतत होतो आणि रेघ फुगली. समुद्रापलीकडे, मी जन्मात जाणार नाही अशा देशात डोंगर सरकला होता, आणि त्याची थरथर वीस मिनिटांत पृथ्वीच्या पोटातून माझ्या फरशीखाली येऊन पोचली होती. चहा बशीत सांडला तरी मला कळलं नाही. सात वर्षं झाली, पण रेघ फुगली की अजून मी उभा राहतो. बसून बघवत नाही.

या कामाचा मोबदला जाळं रोज देतं, पण पैशात नाही, त्यांच्या क्रिप्टो नाण्याच्या कणांत. सुरुवातीला दिवसाच्या कमाईत पोस्टाचं तिकीट आलं नसतं, म्हणून मी तिकडे बघितलंही नाही. ते साचत गेले. गेल्या वर्षी नाण्याचा भाव एकदम चढला आणि नोव्हेंबरात मी सगळे विकून टाकले. कारण ती खोली घरमालकांनी विकायला काढली आहे. शेजारचा टायरवाला मागतोय. मला त्यांनी ३१ मार्चपर्यंत थांबतो म्हणून शब्द दिलाय. यंत्र हलवणं कटकटीचं, त्यापेक्षा खोलीच घ्यावी असा विचार केला.

पैसे जमा झाले आणि बँकेने खातं गोठवलं. पाठोपाठ कर कार्यालयाची नोटीस: रक्कम कुठून आली याचा खुलासा करा, नाहीतर सगळं उत्पन्न अज्ञात धरून दंडासह तीन चतुर्थांश कापून घेऊ. मी स्वतः गेलो. म्हटलं, कर भरायलाच आलोय, किती ते सांगा. पहिल्या खिडकीने दुसरी दाखवली, दुसरीने तिसरी. तिसरीत एक फॉर्म मिळाला. त्यात पगाराचा रकाना आहे, दुकानाचा आहे, घोड्यांच्या शर्यतीचासुद्धा आहे. जमिनीकडे कान लावून बसल्याबद्दल काही मिळालं तर ते कुठे लिहायचं, हे खिडकीतल्या माणसालाही सांगता येईना. बिचाऱ्याने मला पाणी विचारलं.

नोटीस, कण जिथे जमा होतात त्या वॉलेटचा पत्ता आणि यंत्राच्या नोंदींचा पासवर्ड सोबत आहे. तुझी फी असेल ती लाव.

तुझा मामा

---

१७ जानेवारी

प्रिय मामा,

पत्र आणि कागद मिळाले. फीचं नंतर बघू.

आधी नियम समजून घे. नाणं एक, पण कर दोनदा. ज्या दिवशी कण तुझ्या वॉलेटमध्ये आला, त्या दिवशीच्या भावाने ते तुझं उत्पन्न. मग विकलास तेव्हा भावात जो फरक पडला तो नफा, त्याचा दर वेगळा. म्हणजे सात वर्षांहून जास्त काळातल्या प्रत्येक दिवसाचा भाव हवा. मी वॉलेट उघडून मोजलं: दोन हजार सहाशे बारा जमा. त्यात तुझं नाणं पहिली दोन वर्षं ज्या बाजारात विकलं जायचं तो बाजारच बंद पडलाय. त्याची वेबसाइट उघडली तर तिथे आता गाद्यांची जाहिरात आहे.

माझ्याकडे अशी नऊ गिऱ्हाइकं येऊन गेली. नियम पाळायची मनापासून इच्छा असलेली त्यातली चार. पाळू शकलेलं एकही नाही. एक दंतवैद्य तर माझ्या टेबलाशी रडले.

सोपा मार्ग सांगते. मिळाले तेव्हाचा भाव शून्य धरायचा आणि विक्रीची सगळी रक्कम नफा म्हणून दाखवायची. वरच्या दराने कर लागेल, व्याज आणि दंड धरून जवळजवळ निम्मे जातील, पण अधिकारी लोक याला हरकत घेत नाहीत, कारण त्यांचंही डोकं वाचतं. काही सल्लागार याहून सोपं सांगतात, की कुणी नातेवाइकाने भेट दिली असं लिहा. ते मी करणार नाही, पण लोक करतात हे तुला माहीत असावं.

निम्मे गेल्यावर खोली होणार नाही, हे मला कळतं. पण तूच लिहिलंयस की यंत्र चार स्क्रूंवर आहे. चार स्क्रू निघतात.

आणि एक. या वेळी तू मला वेळेवर कळवलंस, ते बरं केलंस. मामी गेली तेव्हा मला सगळं उरकल्यावर कळलं होतं.

तुझी भाची

---

२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी वाचली. तिचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते या कामाच्या पत्रात मिसळू नये असं वाटतं.

भेट मला कुणी दिलेली नाही, मी काम केलंय. आणि शून्य मला लिहिता येत नाही. तीस वर्षं मी मुलांच्या प्रयोगवह्या तपासायला मदत केली. 'शून्य' आणि 'मोजलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगण्यात माझा निम्मा घसा गेला. आता सत्तरीला येऊन स्वतःच्या वहीत तसं कसं लिहू?

तर ऐक. पहिल्या दोन वर्षांचे भाव मिळाले.

जाळ्यावर एक सूचनाफलक आहे. तिथे मी विचारलं, की कुणी रोजचा भाव टिपून ठेवला होता का. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी एका पाव भाजणाऱ्याचं उत्तर आलं. तो कुठे राहतो ते मी नकाशात शोधलं. माझ्या घरातून सरळ भोक पाडलं तर त्याच्या भट्टीच्या आसपास निघेल. त्याचंही यंत्र आहे, पिठाच्या कोठारात. तो रोज पहाटे भट्टी तापेपर्यंत बसायचा आणि पिठाच्या पावत्यांच्या पाठीवर त्या दिवसाचा भाव लिहायचा. का, म्हणून विचारलं. म्हणाला, हाताशी पेन्सिल होती. सातशे एकोणीस पावत्या, भिंगरी, एकेकीचा फोटो काढून त्याने मला पाठवला. कुठे तेलाचा डाग, कुठे कणकेचा अंगठा. मी पैसे विचारले तर म्हणाला, गेल्या वर्षी आमच्याकडे जमीन हलली तेव्हा तुझ्या यंत्राने ऐकलं होतं ना, मग झालं.

सगळे दिवस मी वहीत उतरवले आहेत. तारीख, कण, भाव, किंमत. हे करताना जाळ्याची जमाखर्चाची वही पहिल्यांदा नीट पाहिली. कुणीही उघडून बघू शकतं आणि कुणालाही खोडता येत नाही. प्रत्येक ओळीवर वेळ, सेकंदापर्यंत. मी स्वतःबद्दल जे विसरलो होतो तेही तिथे आहे. आयुष्यात माझी इतकी नीट नोंद कुणी ठेवली नसेल.

वही रजिस्टर पोस्टाने पाठवतोय. बेरजा तीनदा तपासल्या आहेत.

मामा

---

१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

वही मिळाली. मी आणि माझ्या सहकारी बाईंनी दोन दिवस लावून ती वॉलेटशी ताडून पाहिली. दोन हजार सहाशे बारा ओळींत एक चूक निघाली, आणि ती तुझ्या विरुद्ध जाणारी होती, कर कमी करणारी नव्हे. सहकारी बाई म्हणाल्या, हे गृहस्थ आपल्याकडे नोकरीला येतील का विचारा. उमेदवारीची वर्षं धरून बारा वर्षांच्या कामात असं काही मी पाहिलं नव्हतं. मी ती वही टेबलाच्या खणात न ठेवता कपाटात ठेवली आहे.

या हिशेबाने कर सोप्या मार्गाच्या निम्म्याहून कमी बसतो. खोली जवळजवळ होते. मी खुलासा सादर केला.

काल अधिकाऱ्यांचं पत्र आलं. त्यांचा एकच प्रश्न आहे. वीज गेली, तार तुटली अशा सुट्या दिवसांची कारणं तू लिहिली आहेस, ती त्यांना मान्य आहेत. पण तीन वर्षांपूर्वी सलग एक्केचाळीस दिवस एकही कण जमा नाही आणि वहीत कारणाची जागा कोरी आहे. त्यांना शंका आहे की त्या काळात कण दुसऱ्या, न दाखवलेल्या वॉलेटमध्ये गेले. तसं ठरलं तर वही अविश्वसनीय धरतील, आणि मग फक्त एक्केचाळीस दिवस नाही, सगळं मुसळ केरात. नोटिशीतले तीन चतुर्थांश कापले जातील. सुनावणी २३ मार्चला आहे.

मामा, तारखा मी पाहिल्या. मामी गेली त्याच्या आदल्या दिवशी ते एक्केचाळीस दिवस संपतात.

यंत्र बंद होतं का? एवढंच लिही. वीज नव्हती, गावाला गेलो होतो, जे असेल ते.

तुझी भाची

---

२१ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

यंत्र चालू होतं. जाळ्याने ते दिवस नाकारले. रेघेत फार गोंगाट असला की ते नाकारतात आणि मोबदला देत नाहीत. दुसरं वॉलेट नाही.

यापेक्षा जास्त मला लिहायचं नाही. त्या दिवसांचाही कण मिळाला होता असं धर, त्यावरचा कर आणि दंड मी भरतो. नाहीच जमलं तर खोली टायरवाल्याला जाऊ दे.

मामा

---

४ मार्च

मामा,

तू नको म्हणाला होतास तरी मी ते दिवस उघडले. रागव.

न मिळालेलं मिळालं असं लिहिणं हेही खोटंच, आणि तुझ्या वहीत मी खोटं घालणार नव्हते. म्हणून शनिवारी दुपारी ऑफिसात एकटी असताना तुझा पासवर्ड टाकून नाकारलेल्या दिवसांच्या कच्च्या रेघा मागवल्या. जाळ्याने त्या टाकून दिल्या नव्हत्या. प्रत्येक दिवसावर शेरा होता: 'स्थानिक हालचाल. उपयोग नाही.'

मला वाटलं होतं, रस्त्याचं काम असेल, किंवा शेजारी टायरवाल्याचा पंप. पहिला दिवस उघडला. दिवसभर रेघ सपाट, आणि सकाळी दहाला काही ठोके. मोठे करून पाहिले. एक बारीक, टोकदार. एक मध्यम. मग एक जाड, घासल्यासारखा. पुन्हा बारीक, मध्यम, घासलेला. तीनदा तसंच आणि थांबलं. मी ते बराच वेळ नुसतं बघत बसले. मग सहज टेबलावर बोटांनी वाजवून पाहिलं आणि हात तिथेच राहिला.

काठी, चांगला पाय, ओढलेला पाय.

मामा, ती मामी आहे.

ती अर्धांगाच्या झटक्याने गेली, एवढंच मला कळलं होतं. मग मी सगळे दिवस ओळीने पाहिले. पहिल्या दिवशी तीन पावलं. दुसऱ्या दिवशी तीन. पाचव्या दिवशी पाच, आणि दिवसातून दोनदा. दहाव्या दिवसापासून तिच्या ठोक्यांसमोर आणखी एक ठोका दिसतो, जड, नेहमी अर्ध्या क्षणाने आधी. तो तू. तू तिच्यासमोर उलटा चालत होतास, हो ना? बाराव्याला आठ. एकोणिसाव्याला अकरा, आणि त्या दिवशी ती चार वेळा चालली. जग हलतं ते ऐकणारं तुझं यंत्र, आणि त्याच्याजवळ मामीच्या घासलेल्या पावलाची जाडी मोजलेली आहे. रोज ती थोडी पातळ होत गेली, मला स्पष्ट दिसलं. पाय उचलायला लागली होती.

सव्विसाव्या दिवशी सतरा. मी तीनदा मोजले, सतराच. मग एक मोठा फटका, पानाच्या बाहेर जाणारा. आणि तुझे ठोके, धावणारे.

त्यानंतर चार दिवस फक्त तुझी ये-जा. एकतिसाव्या दिवशी पुन्हा सुरुवात. तीन. मग चार. मग दोन. शेवटच्या दिवशी एक. एक्केचाळिसाव्याला तिने एक पाऊल टाकलं होतं, मामा.

दुसऱ्या दिवशी खूप माणसांची पावलं आहेत, पण थोडाच वेळ. बाकी रेघ स्वच्छ. त्या दिवसाचा कण जाळ्याने जमा केला आहे. तो तुझ्या वहीत आहे, तुझ्या अक्षरात, भावासकट.

मी पृथ्वीबद्दल, देवाबद्दल कधी फार विचार केला नाही. हिशेब माझा धंदा. पण त्या दुपारी मी उभी राहिले. तुझ्यासारखंच, बसून बघवेना.

आता मला एवढं सांग. ती एक्केचाळीस दिवस आजारी होती आणि मला का कळवलं नाहीस? तीन वर्षं मी असं धरून चालले आहे, की तुम्ही मला घरची मानत नव्हता.

भिंगरी

---

१० मार्च

प्रिय भिंगरी,

रागावलो नाही. मी ते दिवस कधी उघडून पाहिले नव्हते. हिंमत झाली नाही. तुझं पत्र घेऊन खाली खोलीत गेलो आणि तिथे वाचलं.

तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तुझी सल्लागाराची शेवटची परीक्षा त्रेचाळीस दिवसांवर होती. दोनदा हुकलेली. मी तुला कळवायलाच निघालो होतो. तिला बोलता येत होतं, थोडं अडखळत. ती म्हणाली, "तिला आत्ता सांगाल तर ती पुस्तकं टाकून येईल आणि माझ्या उशाशी बसेल. मला तिने उशाशी बसलेलं नको. परीक्षा झाली की बोलवा. दार मी उघडणार."

जिना तिला चढवेना, म्हणून खालच्या खोलीत पलंग लावला. पलंगापासून दारापर्यंत एकोणीस पावलं होती. तिची, माझी नाहीत. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, त्यांनी रोज दोन पावलं वाढवू म्हटलं. ही म्हणाली, त्रेचाळीस दिवस आहेत, घाई कशाला. मला समोर उलटं चालायला लावायची, आणि मी मागच्या स्टुलावर आपटलो की हसायची.

सतरा झाली त्या दिवशी तिने कडीकडे हात केला होता. अजून दोन होती, पण हात केला. म्हणून तोल गेला.

पडल्यावर डॉक्टरांनी बोलवून घ्या म्हटलं. तेव्हाही मी लिहायला बसलो होतो. तिने विचारलं, किती दिवस राहिले. मी म्हटलं सोळा. म्हणाली, मग होईल. भिंगरी, मी तिचं ऐकलं. ऐकायला नको होतं की हवं होतं, हे मला तीन वर्षांत ठरवता आलेलं नाही. तू आलीस तेव्हा पेपर देऊन आली होतीस, आणि दार मी उघडलं. तुझा चेहरा बघून मला बोलता आलं नाही. मग तू गेलीस, आणि मग बोलायला फार उशीर झाला असं वाटत राहिलं.

यंत्र काढून ठेवू का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुमचे भूकंप बिघडतील का, म्हणाली. मी म्हटलं बिघडतील. तर म्हणे, राहू दे, मी पण काहीतरी हलवतेच आहे.

खोली मला का हवी, ते आता तुला वेगळं सांगायला नको. स्क्रू निघतात. फरशी निघत नाही.

त्या रेघा अधिकाऱ्यांना दाखवायच्या तर दाखव. तुझ्या मामीला लपवण्यासारखं काही नव्हतं. लपवलं ते मी.

मामा

---

२७ मार्च

प्रिय मामा,

सोमवारी सुनावणी झाली.

अधिकारी बाई पन्नाशीच्या, मान वर न करता बोलणाऱ्या. खोलीत एक लोखंडी कपाट, टेबलावर दोन शिक्के आणि बाहेर बाकावर माझ्यासारखे अकरा जण. त्यांनी आधी पाव भाजणाऱ्याच्या पावत्या काढल्या. प्रत्येक पावती बघितली, मी घड्याळाकडे बघत होते. मग त्या म्हणाल्या, की लोक इथे कमी कागद घेऊन येतात आणि जास्त बोलतात. तुमच्या मामांनी उलटं केलंय.

मग एक्केचाळीस दिवस. मी जाळ्याचे शेरे ठेवले. त्यांनी विचारलं, स्थानिक हालचाल म्हणजे काय. मी म्हटलं, घरात कुणीतरी चालत होतं. त्या म्हणाल्या, पुरावा. तेव्हा मी लॅपटॉप त्यांच्यासमोर फिरवला आणि कसं वाचायचं ते सांगितलं. काठी, एक पाय, दुसरा पाय.

मी एकच दिवस दाखवणार होते. त्यांनी पुढचा मागितला. मग पुढचा. शिपाई चहा ठेवून गेला, तो तसाच राहिला. सव्विसाव्या दिवशी त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि ओठ हलवत मोजलं. सतराला बोट थांबलं.

"कुठपर्यंत जायचं होतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दारापर्यंत. एकोणीस."

त्यांनी पुढचा दिवस उघडला. शेवटच्या दिवसापर्यंत सगळं पाहिलं. एका पावलाच्या दिवसावर त्या सगळ्यात जास्त थांबल्या. मग विचारलं, काठी उजव्या हातात होती ना. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मी तिथे नव्हते. हे वाक्य तीन वर्षांत मी पहिल्यांदा राग न येता म्हटलं.

त्यांनी कारकुनाला बोलावलं नाही. दोन बोटांनी, अक्षरं शोधत, स्वतः टाइप करत बसल्या. बाहेरचे अकरा जण ताटकळत राहिले. निघताना मी नमस्कार केला तर त्यांनी मान हलवली, आणि पहिल्यांदा वर बघितलं.

आज आदेश आला आणि बँकेला कळवलंही. खातं सोमवारी मोकळं होईल. कर वजा जाता खोलीला थोडे कमी पडतात, ते मी घालते, यावर वाद नको. कागदावर साक्षीदार लागेल, म्हणून मी रविवारीच येते. दार लोटून ठेव, माझं मी उघडेन.

आदेशाची प्रत सोबत आहे, कुरिअरने उद्याच पोचेल. सगळा वाचलास तर झोप येईल, फक्त सहावा मुद्दा वाच. नियमात अशा वाक्याला जागा नाही, पण खाली सही आहे आणि शिक्काही:

'नमूद एक्केचाळीस दिवस सदर जागेत करदात्याच्या पत्नी चालत होत्या. त्यामुळे त्या दिवसांचे उत्पन्न नाही. खुलासा मान्य.'

भिंगरी